शाल तुमची, जोडा आमचा

शेजारच्या घरात चौघं जण राहतात, अशी सुरुवातीला माझी पक्की समजूत होती. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या या टाउनहाउसांच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. दर गुरुवारी सकाळी अंकुर आणि सावनी, म्हणजे माझा मुलगा आणि सून, ऑफिसला गेले की मी गॅरेजमध्ये कपडे धुवायला टाकायला जायची, आणि पलीकडच्या गॅरेजमधून आवाज सुरू व्हायचे. एक म्हातारा घसा खाकरून खाकरून प्रवचन द्यायचा. मग एक जण कडक इस्त्री केलेल्या आवाजात बातम्या सांगायचा. मग कुणी साहेब फोनवर कुणाला तरी झापायचा, आणि शेवटी एक म्हातारी त्या तिघांनाही शिव्या घालायची. भाषा कळत नव्हती, पण शिव्या कोणत्याही भाषेतल्या कळतात.

अंकुरला म्हटलं, शेजारी मठ काढलाय की काय कुणी? तो म्हणाला, "आई, प्लीज. इथे असं कुणाच्या डोअरवर जाऊन चौकशा करत नाहीत." म्हणून पुढच्या गुरुवारी मी गेलेच. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलाय माझा. पोटच्या पोराकडून शिष्टाचार शिकायचं अजून बाकी आहे.

साठीच्या एका उंच, वाळक्या माणसाने दार उघडलं. डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल मुंडाशासारखा गुंडाळलेला. "हाजीचा आवाज फार मोठा होतोय का?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "हाजी कोण ते मला माहीत नाही. पण बाकीचे तिघं कुठे आहेत?" तर त्या माणसाने उंबरठ्यावरच एकेकाला हजर केलं. बातम्यावाला आला, साहेब आला, आणि मग म्हातारीने मला चहाला आत बोलावलं. मी आत गेले. घरात दुसरं कुणीही नव्हतं.

नाव सांगितलं फरामर्ज. माझ्या लहानपणी दादरला आमचे डॉक्टर होते फ्रामजी, त्यामुळे मी लगेच म्हटलं, "म्हणजे पारशी." ते म्हणाले, "नाही हो, इराणी. आजोबा पक्के मुसलमान होते, मी कच्चासुद्धा नाही." तरी माझ्या तोंडी फ्रामजीच बसलं, आणि त्यांना ते आवडलं. दुसऱ्याच्या नावाने वावरणं हाच त्यांचा धंदा होता.

त्या दिवशी त्यांनी मला हाजी शुक्रुल्लाचं प्रवचन इंग्रजीत करून सांगितलं. हाजी म्हणजे सरकारचा एक परमभक्त. तो प्रत्येक गोष्टीबद्दल आभार मानतो. गावात वीज नाही, तर आभार, सरकारने प्रजेच्या डोळ्यांना विश्रांती दिली. मांस परवडत नाही, तर आभार, सरकारने बकऱ्यांना दीर्घायुष्य दिलं. नदी आटली, तर त्रिवार आभार, कारण शत्रूला आपल्याला बुडवायचं होतं आणि आमच्या दूरदर्शी नेत्यांनी आधीच पाणी काढून घेतलं. मी चहा सांडेपर्यंत हसले.

"फ्रामजी," मी म्हटलं, "याला आमच्याकडे व्याजस्तुती म्हणतात. नववीच्या व्याकरणात आहे. पण पोरांना मी वेगळं सांगायची. याला म्हणायचं शालजोडीतले. जोडा हाणायचा, पण शालीत गुंडाळून. खाणाऱ्याला वाटावं सत्कार होतोय."

"शाल?" ते एकदम सावरून बसले. "शाल आमचा शब्द आहे."

"असेल. शाल तुमची, जोडा आमचा."

हे त्यांना इतकं भावलं की पुढच्या गुरुवारी हाजीच्या खांद्यावर शाल आली. माझीच. अंकुर-सावनीच्या लग्नात मला मिळालेली, कुयरीच्या काठाची.

मग त्यांची सगळी कहाणी हळूहळू कळली. तरुणपणी रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात कोल्ह्याचा आवाज काढायचे. कोल्हा लबाड बोलायचा आणि मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त हसायची, तेव्हा वरच्यांच्या लक्षात आलं की हा कोल्हा आपल्यासारखा बोलतोय. कोल्हा बंद झाला. मग वर्तमानपत्रात सदर, ते बंद. मग तुरुंग. तिथून सुटल्यावर तुर्कस्तान, आणि तिथून अमेरिका.

इथे आल्यावर वाटलं आता बोलायला मोकळे. लॉस एंजेलिसच्या एका इराणी चॅनेलवर नोकरी लागली. मालक गालिच्यांचा व्यापारी. म्हणाला, तिकडच्यांना काय हव्या त्या शिव्या द्या, फक्त जुन्या राजघराण्याला काही बोलायचं नाही. फ्रामजींनी दुसऱ्याच आठवड्यात राजवाड्याचा एक म्हातारा हुजऱ्या उभा केला, जो अजून रोज सकाळी रिकाम्या सिंहासनाला चहा नेऊन देतो. नोकरी गेली. मग वॉशिंग्टनला अनुदानावर चालणारा एक रेडिओ. तिथे हुजऱ्या चालत होता पण अनुदान देणाऱ्यांची थट्टा चालत नव्हती. पुढे अनुदानच आटलं. शेवटी चुलतभावाच्या या घराचं गॅरेज उरलं. भिंतींना गोधड्या, एक माइक, एक कॅमेरा आणि इंटरनेटवरचं चॅनेल. "शोभा खानम," ते म्हणायचे, "मी एकटाच असा माणूस आहे ज्याला हुकूमशहाने, राजाने आणि लोकशाहीने एकाच कारणासाठी काढून टाकलं." हे ते हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही. इतका गुणी माणूस आणि नशिबी गॅरेज, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

मला एक कोडं मात्र सुटत नव्हतं. एकदा विचारलं, "इथे तुम्हाला कोण धरणार आहे? मग अजून शाल कशाला? सरळ जोडाच हाणा की."

तेव्हा त्यांनी आईचं सांगितलं. ताहेरे खानम, रश्त गावात एकटी राहते, पंचाऐंशीच्या पुढची. तिच्याकडे अधूनमधून दोन माणसं येतात. बूट काढून नीट बसतात, चहा घेतात आणि विचारतात, खानम, तुमचा मुलगा अमेरिकेतून सरकारला शिव्या देतो ना? मग ती नातवंडांच्या वयाच्या त्या अधिकाऱ्यांना फोनवर हाजी लावून दाखवते. "ऐका की. कुठे शिव्या देतोय? आभारच मानतोय बिचारा." त्यांनाही सगळं कळतं. पण वरिष्ठांना कळवायला त्यांना काहीतरी लागतं, आणि आभार मानणाऱ्या माणसाबद्दल काय कळवणार? चहा पिऊन जातात.

"ती शाल माझ्या अंगावर नाही," फ्रामजी म्हणाले. "माझ्या आईच्या अंगावर आहे."

गेल्या जूनमध्ये तिकडे बाँब पडले. फोन लागेना. फ्रामजी आमच्या ओट्यापाशी उभे राहून एकच नंबर पुन्हा पुन्हा फिरवायचे. अखेर लागला तेव्हा आईने एकच गोष्ट सांगितली. तू इकडे यायचं नाहीस. मी गेले तर माझ्या मातीलाही नाही. त्यानंतर त्या दोन अधिकाऱ्यांच्या फेऱ्या वाढल्या, कारण लढाईनंतर तिकडे प्रत्येकात हेर दिसायला लागले होते.

आणि नेमकी तेव्हाच इथे फ्रामजींची फाइल उघडली.

इतकी वर्षं त्यांचा आश्रयाचा अर्ज नुसता पडून होता. आता मुलाखतीचं बोलावणं आलं. वकील मीच शोधून दिली, नैना, माझ्या मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली, इमिग्रेशनच्याच केसेस करते. तिने कागद पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"फ्रामजी काका, दे हॅव युअर व्हिडिओज. ऑल ऑफ देम. ट्रान्सलेट केलेत."

"छान. शेवटी कुणीतरी केले."

"नाही काका, लिसन. हाजी काय म्हणतो ते वर्ड फॉर वर्ड लिहिलंय. फक्त वर्ड्स. त्यात तो सरकारला थँक्स म्हणतो. एव्हरी सिंगल वीक."

मला आधी कळेचना. मग कळलं. तिकडे जी शाल आईला वाचवत होती, तिच्याचमुळे इथे हा माणूस सरकारचा भाट ठरत होता.

नैना म्हणाली, ओळखीच्या लोकांची पत्रं आणा, की हा माणूस विनोद करतो. मी आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमराव यांच्याकडे गेले. कोजागिरीला यांनीच फ्रामजींना बोलावलं होतं. आमच्या वसाहतीच्या कमिटीतली बाई कचऱ्याच्या डब्यावरून कशी नोटिसा पाठवते याची नक्कल त्यांनी केली तेव्हा पुरुषोत्तमराव खुर्चीवरून पडायचे राहिले होते. आता म्हणाले, "वहिनी, माणूस लाख आहे हो. पण हे पोलिटिकल. आणि आमच्या जावयाचं एच-वन व्हिसाचं रिन्यूअल चाललंय. समजून घ्या." मी समजून घेतलं. मसाला दूध पिताना कुणाचं रिन्यूअल नव्हतं. शेवटी साक्षीदार म्हणून मी एकटीच उरले.

मुलाखत घेणारा अधिकारी तरुण होता, स्वच्छ, सभ्य, प्रत्येक वाक्याला 'सर' म्हणणारा. तो खडूस असता तर बरं झालं असतं. खडूस माणसाला निदान टोमणा कळतो.

त्याने कागद वाचला. "'नदी आटवल्याबद्दल आम्ही आमच्या नेत्यांचे आभारी आहोत.' हे तुम्ही म्हणालात, सर?"

"हो."

"हे तुमचं मत आहे?"

"नाही. हाजीचं आहे."

"हाजी कोण आहेत?"

"मी."

त्याने ते टाइप केलं. नैनाने पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मग त्याने दुसरा कागद काढला, आणि तेव्हा खरी कुऱ्हाड पडली. हाजीचं ते नदीचं भाषण इंटरनेटवर फिरत फिरत तिकडच्या एका जिल्ह्याच्या गव्हर्नरापर्यंत पोचलं होतं. त्या महाभागाने दुष्काळी गावात जाऊन ते जसंच्या तसं केलं होतं, अगदी मनापासून. शत्रूला आपल्याला बुडवायचं होतं, वगैरे. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

"तुमचा व्हिडिओ गव्हर्नरांच्या भाषणाच्या आधीचा आहे, सर," अधिकारी शांतपणे म्हणाला. "त्यांचं भाषण तुमच्याकडे आधी कसं आलं?"

फ्रामजींनी तो कागद स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाले, "माझ्याकडे त्यांचं आलं नाही. त्यांच्याकडे माझं गेलं."

"म्हणजे ते भाषण तुम्ही लिहून दिलं?"

आता मला राहवेना. माझी साक्ष यायची होतीच. मी माझ्या इंग्रजीत, पण नववीच्या वर्गाला समजावते तसं सांगितलं. म्हटलं, हे बघ बाळा, ही व्याजस्तुती आहे. वरून स्तुती, आतून निंदा. आमच्या भाषेत म्हणतात, हा माणूस शालीत गुंडाळून जोडा मारतो.

त्याची बोटं थांबली. "मॅडम, सरांना कुणाला जोड्याने मारताना तुम्ही स्वतः पाहिलंय?"

मला वाटलं त्याला कळलं आणि तोही गंमत करतोय. मी म्हटलं, "दर गुरुवारी."

नैनाने डोळे मिटले. अधिकाऱ्याने टाइप केलं.

निघताना त्याने एकच प्रश्न विचारला, आणि त्यात कपट नव्हतं, हेच माझ्या जिव्हारी लागलं. "सर, इतक्या वर्षांत तुम्ही कधी स्वतःच्या आवाजात, सरळ, म्हणालात का की तुम्ही या सरकारच्या विरोधात आहात? असं काही असेल तर पाठवा. मला मदत होईल."

गाडीत बसल्यावर आम्ही तिघंही आठवत होतो. नव्हतं. कोल्ह्यापासून हाजीपर्यंत एवढं बोललेल्या माणसाने स्वतःच्या आवाजात कॅमेऱ्यासमोर एक वाक्य म्हटलेलं नव्हतं.

"शोभा मावशी, यू वेअर स्वीट," नैना गाडी चालवत म्हणाली, "पण शू वाला पार्ट... नेव्हर अगेन." मग आरशात बघून म्हणाली, "काका, एक व्हिडिओ. फेस टू कॅमेरा. नो टॉवेल, नो हाजी, नो जोक. माझं नाव हे, मी या सरकारच्या अगेन्स्ट आहे. पब्लिक पाहिजे, युअर ओन चॅनेल. प्रायव्हेट स्टेटमेंट चालणार नाही."

"आणि माझी आई त्या दोघांना काय लावून दाखवेल?"

नैनाने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "डिनाय केलं तर कोर्ट. तिथे हरलो तर डिपोर्ट."

"मग आईला सोबत तरी होईल," फ्रामजी म्हणाले. कुणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

पुढचे काही दिवस त्यांच्या गॅरेजमधून एकही आवाज आला नाही. मी धुणं टाकायला जायची आणि भिंतीपाशी थांबायची. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. तिकडे ओठांवर पहारा म्हणून आड बोलायचं. इकडे बोलायची मुभा, पण आड बोलणं कळणारा माणूस नाही. मग या माणसाने जायचं कुठे? मुलाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आई, जस्ट टेल हिम टू बी क्लिअर, यार." क्लिअर! आईला वाचवायचं असेल तर माणसाला क्लिअर होता येत नाही, हे मी कशाला शिकवू, कळेल वेळ आल्यावर.

एके सकाळी फ्रामजींनी दार वाजवलं. म्हणाले, "आईने एकच मागितलंय. येऊ नकोस. बाकी काही तिने मागितलेलं नाही, म्हणजे व्हिडिओ करायलाच हवा. तुम्ही येऊन बसा, शोभा खानम. समोर कुणी नसलं तर मला बोलता येत नाही."

गॅरेजमध्ये ते स्टुलावर बसले. टॉवेल नाही, शाल घडी करून माझ्या मांडीवर. कॅमेरा सुरू केला, तोंड उघडलं आणि बाहेर आला तो बातम्यावाला. मी हात वर केला. "हा इस्त्रीवाला आहे."

पुन्हा सुरुवात. या वेळी साहेब आला, धमकावणारा. "हा साहेब झाला. तुमचा आवाज काढा."

"तो कुठे ठेवलाय आठवत नाही," ते म्हणाले. खोटं वाटेल, पण हा माणूस घामाने भिजला होता. तिसऱ्यांदा म्हातारी डोकावली. मग त्यांनी घोटभर पाणी घेतलं, हात मांड्यांवर ठेवले आणि बोलले. आधी फारसीत, मग तेच इंग्रजीत. फारसीतले ओळखीचे शब्द मधूनमधून मला लागत होते. जुलूम. खून. सरळसाधी वाक्यं, बिनमिठाची. आवाज पातळ होता आणि शेवटी थोडा कापला. चाळीस वर्षं ज्याने लोकांना रडेपर्यंत हसवलं त्याने आयुष्यातला सगळ्यात वाईट कार्यक्रम केला, आणि मी समोर बसून मान डोलावत होते, कारण अधिकाऱ्याला नेमका हाच हवा होता.

गुरुवारी तो व्हिडिओ चॅनेलवर गेला. नैनाने त्याची प्रत पाठवली.

रश्तचा फोन शुक्रवारी आला नाही. शनिवारी सकाळी फ्रामजी आमच्याकडे बसले होते. पोह्यांना हात लावला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

पलीकडून हसू आलं. म्हातारीचं मोठं, मोकळं हसू, थांबेचना. मला क्षणभर बरं वाटलं. मग फ्रामजींच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचा रंग गेला होता. आई बोलत होती, मधूनमधून हसत होती, मागे कपबशीचा आवाज येत होता आणि एका पुरुषाचाही. फ्रामजी फक्त एकेक शब्द बोलत होते. शेवटी आईने काहीतरी विचारलं. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग एक छोटंसं वाक्य म्हणाले, आणि ते म्हणताना हसले. ते हसणं हाजीचं होतं.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला शब्दाला शब्द सांगितलं.

आई म्हणाली, शाब्बास फरामर्ज, काय माणूस काढलास! हा रडका, अमेरिकेत बसून मोठमोठ्या गोष्टी सांगणारा, हातसुद्धा कसे मांड्यांवर ठेवतो बघ. मी तर हसून हसून मेले. आपल्याकडे पाहुणे आलेत, तेच ते दोघं, इथेच बसलेत चहा घेत. त्यांनाही दाखवला. आधी ते घाबरवायला लागले मला, म्हणाले, खानम, तुमचा मुलगा आता उघड उघड बोलला. मी म्हटलं, अरे वेड्यांनो, हे नवीन सोंग आहे. त्या तिकडे पळालेल्या लोकांची नक्कल करतोय तो. याचं नाव आगा-ए-रास्तगू. श्रीयुत सरळबोले. मग तेही हसले. सांग ना त्यांना तूच, नवीन पात्रच आहे ना?

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"हो मादर, नवीन पात्र आहे."

ती बाई तिथे त्या दोघांसमोर बसून हसली होती, एवढं, त्या वयात. उघड्या पडलेल्या जोड्यावर तिने आपल्या हाताने शाल टाकली होती. आणि ती टाकताना मुलाने आयुष्यात एकदाच खरं बोललेलं त्याच्याच तोंडून खोटं करून घेतलं होतं. तिला दुसरा मार्ग नव्हता. त्यालाही नव्हता.

"त्या दोघांनी आणखी एक विचारलं," फ्रामजी म्हणाले. "पुढच्या गुरुवारीही तो येणार का."

"मग?"

"आला नाही तर ते पात्र कसलं?"

काही आठवड्यांनी नैनाचा फोन आला. ती इतकी आनंदात होती की मराठीच बोलली. "मंजूर झालं, मावशी! मंजूर!" त्या व्हिडिओचा खास उल्लेख होता म्हणे. स्वतःच्या आवाजात केलेलं निवेदन विश्वासार्ह वाटतं, असा. मात्र तिने ताकीद दिली, आता हाजी बंद. ग्रीन कार्ड होईपर्यंत कुणाचेही आभार मानायचे नाहीत. मी फ्रामजींना पेढा दिला आणि ते विश्वासार्हचं सांगितलं. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत ही माझी पहिली चांगली समीक्षा." पेढा बशीतच राहिला.

हाजी गेला, तशी त्याच्यामागे बाकीची मंडळीही गेली. उरले आगा-ए-रास्तगू. तिकडे त्यांची चलती आहे. तरुण पोरं त्यांच्यासारखे मांड्यांवर हात ठेवून व्हिडिओ टाकतात, आवाज कापवतात. रास्त हा शब्द आमच्याकडे रास्त भावाच्या दुकानापुरता उरलाय, तिकडे तो आता हशा पिकवायला पुरतो. इकडच्या इराण्यांना मात्र ते भाषण खरंच वाटतं. ते लिहितात, अखेर फरामर्ज सरळ बोलायला लागले, वा.

भिंतीपलीकडून आता एकच आवाज येतो. परवाच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावलं, पूर्वीसारखं, समोर बसायला. स्टुलावर बसले. हात मांड्यांवर. नाव सांगितलं, जुलूम म्हणाले, खून म्हणाले, शेवटी आवाज योग्य जागी कापला. कॅमेरा बंद केला आणि विचारलं, "कसं झालं, शोभा खानम?"

मी कधी कुणाला उगीच मार्क दिलेले नाहीत. आणि या माणसाशी तर खोटं बोलायचं नाही असं माझं ठरलेलं होतं.

"ओढूनताणून वाटलं," मी म्हटलं. "माणूस खरा वाटत नाही."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. मलाही नाही वाटला," म्हणाले, आणि हात पुन्हा मांड्यांवर ठेवले. "पुन्हा घेतो."